पिंग्याला प्रेक्षक नसतो

श्री. संजय लीला भन्साळी यांस,



मी पुण्यात मंगळागौरीचे खेळ करते. आमचा चौदा जणींचा ग्रुप आहे. सगळ्यात धाकटी अठ्ठावीस वर्षांची, सगळ्यात थोरली एकाहत्तरची. श्रावणातले मंगळवार भरलेले असतातच, पण हल्ली डोहाळजेवण, साठीशांत, गणपती मंडळ, सोसायटीचा महिला दिन, कशालाही बोलावणं येतं. तारीख ठरवायला फोन येतो तेव्हा पलीकडची मुलगी एक प्रश्न हमखास विचारते : ‘काकू, तुम्ही तो पिंगा करता ना?’ ‘तो’ म्हणजे तुमचा. ‘बाजीराव मस्तानी’ १८ डिसेंबर २०१५ ला लागला, तेव्हापासून हा प्रश्न ऐकते आहे. उत्तर दर वेळी वेगळं दिलं. कधी चिडून, कधी हसून, कधी बिदागीकडे बघून. आज म्हटलं, तुम्हालाच सविस्तर लिहावं.

आधी एक कबुली. तुमच्या या सिनेमाची वाट आम्ही फार पाहिली. ‘देवदास’ येऊन गेल्यावर, २००३ च्या सुमारास, तुम्ही बाजीराव-मस्तानी करणार अशी बातमी आली तेव्हा माझी थोरली मुलगी शाळेत होती. सिनेमा प्रत्यक्ष लागला तेव्हा तिला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. मधल्या काळात बाजीराव कोण होणार याच्या बातम्या येत राहिल्या आणि आमच्या हळदीकुंकवांत त्यावर चर्चा झडत राहिल्या. सलमान खानचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या सासूबाईंनी एवढंच विचारलं होतं, ‘डोई करेल का तो?’ रणवीर सिंगनं डोई केली. सासूबाई तोवर राहिल्या नव्हत्या, नाहीतर निम्मे गुण त्यांनी तिथेच देऊन टाकले असते.

एवढी वाट पाहायला कारण होतं. ज्या कादंबरीवरून तुम्ही सिनेमा घेतलात ती ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ आमच्याकडे वाचनालयातून यायची. आधी आई वाचायची, मग शेजारच्या वहिनी, आणि परत करायच्या आदल्या रात्री घाईघाईनं मी. शाळेतला बाजीराव वेगळा होता. तो १७२८ मध्ये पालखेडला निजामाला कोंडीत धरायचा, पुढच्याच वर्षी बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीला धावून बंगशाला हटवायचा आणि चाळिशी पुरी व्हायच्या आत रावेरखेडीला नर्मदेकाठी जायचा. मस्तानी धड्यात नसायची. ती घरात असायची, तीही आवाज खाली करून. थोरल्या बायका तिचं नाव घेण्याआधी एकदा पोरांकडे बघून घ्यायच्या.

पुण्याचं मस्तानीशी नातंच चमत्कारिक आहे. शनिवारवाड्याचा एक दरवाजा तिच्या नावाचा. १७३४ मध्ये बाजीरावानं तिच्यासाठी कोथरूडला वेगळा महाल बांधला. त्यातलं जे वाचलं ते आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात मांडून ठेवलंय आणि आम्ही पाहुण्यांना हौसेनं तिकडे नेतो. बाजीराव मोहिमेवर असताना तिला पुण्यातच कैदेत ठेवलं. तिच्या मुलाची मुंज लावायला इथल्या ब्रह्मवृंदानं नकार दिला, असं सांगतात. तो मुलगा, समशेर बहादूर, पानिपतावर मराठ्यांकडून लढला आणि त्याच जखमांनी गेला. ती स्वतः पाबळला मातीआड आहे, पुण्यापासून दीड-दोन तासांवर, आणि तिकडे वाट वाकडी करून जाणारा पुणेकर विरळा. एवढं सगळं करून झाल्यावर या गावानं काय करावं? घट्ट दुधात आईस्क्रीमचा गोळा सोडला आणि त्याला मस्तानी म्हटलं. उन्हाळ्यात सदाशिव पेठेत रांगा लागतात.

तर तुमचा सिनेमा येणार म्हणजे जे आम्ही कुजबुजत बोललो ते कोणीतरी मोठ्यानं बोलणार, अशी हुरहूर होती. तुम्ही तसे अगदी परकेही नाही. भुलेश्वरात वाढलात, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलात, आईचं नाव स्वतःच्या नावात मिरवता. बाईची बाजू या माणसाला कळेल, असं मला वाटत होतं.

आणि २०१५ ची दिवाळी आटोपता आटोपता पिंगा आला.

भाऊबीजेचे पाहुणे अजून घरात होते. सकाळी फोन उघडला तर ओळखीतल्या झाडून सगळ्या जणींनी तेच गाणं पाठवलेलं. चहाचे कप हातात घेऊन आम्ही घोळका करून पाहिलं. अर्ध्या मिनिटात नणंदेच्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं. प्रियांका चोप्राची काशीबाई आणि दीपिका पदुकोणची मस्तानी एकसारख्या नऊवारीत एका तालावर, कंबर उघडी, मागं बायकांचा ताफा. गाणं श्रेया घोषाल आणि आमच्या वैशाली माडेनं गायलेलं, चाल तर अशी की कपबश्या विसळतानाही डोक्यातून जाईना. नणंद म्हणाली, ‘हे शोभत नाही.’ आणि मग म्हणाली, ‘परत लाव.’

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पेशव्यांच्या वंशजांनी हरकत घेतली. काशीबाई पायानं अधू होत्या, त्या नाचतील कशा, असा सवाल आला. पेशव्यांच्या घरातल्या बायका अशा नाचत नसत, हे तर शेंबडं पोरही सांगू लागलं. मागोमाग ‘मल्हारी’ आलं आणि खुद्द बाजीरावच नाचला, तेव्हा इतका वेळ मजा बघत असलेले पुरुषही चवताळले. सिनेमा लागला त्या शुक्रवारी कोथरूडच्या एका चित्रपटगृहापुढं निदर्शनं झाली आणि तिथले पहिले काही खेळ रद्द झाले. पावणेतीनशे वर्षांनी मस्तानी पुन्हा पुण्यात अडकली, आणि तीही कोथरूडलाच. निदर्शकांपैकी कोणाला तिथल्या महालाची आठवण झाली असेल असं वाटत नाही.

मीही चिडले होते. आमच्या ग्रुपवर मी एक लांबलचक मजकूर लिहिला होता, त्यात काष्टा, ओचा, पेशवाई, मर्यादा असे सगळे शब्द होते. आज वाचला तर हसू येतं. कारण माझ्या रागाचं मूळ इतिहासात नव्हतंच. इतिहासाचं म्हणाल तर सिनेमाच्या आरंभी तुम्ही भली मोठी पाटी लावून आधीच हात झटकले होते. आणि खरं सांगायचं तर सतराशे चाळीस साली पुण्यानं त्या बाईशी काय केलं यावर एवढी पत्रकं कधीच निघाली नव्हती. साडी बेंबीच्या किती खाली होती यावर निघाली.

आम्ही नऊ जणी दुसऱ्या आठवड्यात दुपारच्या खेळाला गेलो. बहिष्कार घालायचं ठरलं होतं ते आपसूक विरघळलं. आमच्यापैकी एकीची आई बरोबर आली होती, वय ब्याऐंशी. पडद्यावर तन्वी आझमी आली, बाजीरावाची आई राधाबाई होऊन, केशवपन केलेली. उषा किरणची ही लेक तुम्ही आमच्यासमोर अशी आणून उभी केलीत की खुर्च्यांत चुळबुळ थांबली. तेवढ्यात त्या म्हाताऱ्या बाई अंधारात स्पष्ट आवाजात म्हणाल्या, ‘माझी आत्या.’ पुढच्या रांगेतल्या एकानं मागं वळून पाहिलं, पण गप्प बसा म्हणाला नाही. त्या भूमिकेला राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, दिग्दर्शनाचं तुम्हालाही मिळालं. माझ्या लेखी ‘माझी आत्या’ ही त्या दिवसातली सगळ्यात मोठी दाद.

काशीबाई नवऱ्याला सांगते की यापुढं माझ्या महालात येऊ नका, तिथं रुमाल निघाले. मी तिरकस नजरेनं पाहिलं तर मघाशी तावातावानं बोलणारी आमची नणंदही नाक ओढत होती. आरसेमहालाच्या नाचगाण्याला थिएटर नुसतं आ वासून बसलं. आणि मग पिंगा लागला. काय व्हावं? पत्रकावर सही केलेल्या दोघी-तिघी होत्या आमच्यात, त्यांच्या चपला अंधारात ठेका धरायला लागल्या. माझीही टाच हलत होती. मी ती थांबवली, आणि थांबवताना मला कळलं की आपल्याला नक्की काय खुपतंय.

ते सांगायला तुम्हाला एका खोलीत न्यायला हवं. माझ्या माहेरची, १९७० च्या दशकातली. दोन खोल्यांचं बिऱ्हाड, बाहेरच्या खोलीत चौरंगावर गौर, पत्रींचा ओला वास, जेवणं आटोपलेली. पुरुषांना सतरंज्या देऊन गच्चीवर पाठवलेलं. दार लोटलं की ज्या बायका दिवसभर पदर डोक्यावर घेऊन वाढत होत्या त्या पदर खोचायच्या. झिम्मा, फुगडी, मग तोंडानं पकवा, सूप नाचवणं, कोंबडा, लाट्या. सासू-सुनेचं भांडण व्हायचं, त्यात खरी सून खोटी सासू होऊन खऱ्या सासूची नक्कल करायची आणि खरी सासू हसून हसून लोळायची. दुसऱ्या दिवशी या नकलेबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही. पहाटेकडे पिंगा. दोघी समोरासमोर कमरेत वाकतात, एकमेकींभोवती फिरतात, पालुपद तोंडानं चालू, वेग वाढत जातो. त्यात चढाओढ असते. माझं माहेर थोर की तुझं, माझा भाऊ मोठा की तुझा. बोलता बोलता दम कोणाचा आधी सुटतो, केस कोणाचे आधी मोकळे होतात. एक जोडी थकली की दुसरी आत शिरते. कडेला बसलेली बाई बघायला बसलेली नसते, आपली पाळी यायची वाट बघत असते.

तर पिंग्याला प्रेक्षक नसतो. तुम्ही त्याला प्रेक्षक दिलात. कंबर किती उघडी होती हा मुद्दा त्यापुढं अगदी किरकोळ आहे. बंद खोलीत त्याहून जास्त उघडं पडायचं, अंगानं आणि मनानंही. पण ते कोणाला दिसावं म्हणून उघडं पडत नव्हतं. तुमच्या पिंग्यात एकीचा पदर ढळत नाही, एकीला धाप लागत नाही, सगळ्या जणी एकाच वेळी एकीकडेच बघतात, जिथं कॅमेरा आहे तिथं.

दुसरी तक्रार कारागिराची आहे, ती तुम्हाला जास्त पटावी. दोन सवती तुमच्या हाताशी होत्या. चढाओढीचा खेळ हाताशी होता. एकमेकींना टोमणे मारायची, उणीदुणी काढायची परंपरेनं दिलेली मुभा हाताशी होती. असं नाट्य आयतं चालून आलेलं असताना तुम्ही चढाओढ जवळपास काढून टाकलीत आणि दोघींना गोडीगुलाबीनं नाचवलंत. पिंगा पिंग्यासारखा घातला असता तर त्या दोघी वाकून, एकमेकींच्या डोळ्यांत डोळे घालून, जे तीन तासांत बोलल्या नाहीत ते तीन मिनिटांत बोलून गेल्या असत्या.

ही तुमची सवयच आहे, हे मला नंतर लक्षात आलं. ‘देवदास’मध्ये पारो आणि चंद्रमुखीला तुम्ही एकत्र नाचवलंत, शरदबाबूंच्या कादंबरीत त्या दोघींची भेटसुद्धा होत नाही. पुढं ‘पद्मावत’मध्ये घूमर आलं. तेही राजपूत बायकांचं बायकांतच व्हायचं नाचणं, आणि तिथंही ओरड तीच : राण्या अशा चारचौघांसमोर नाचतात का? तेव्हा तर दीपिकाचं उघडं पोट संगणकावर झाकावं लागलं. त्या सिनेमाच्या वेळी कोल्हापूरकडे मसाई पठारावर तुमचा सेट जाळला गेला, जयपुरात तुमच्यावर हात टाकला गेला. ते निंद्यच, त्याला ‘पण’ नाही. काही पटलं नाही म्हणून काडी लावायची नसते, नाक मुरडायचं किंवा असं पत्र लिहायचं. पण तिन्ही वेळा तुमची नजर एकाच जागी गेली : जिथं बायका दार लावून घेतात तिथं. का जाते, हे समजण्यासारखं आहे. दाराआड सगळ्यात सुंदर काही चालू असणार असं बाहेरच्याला वाटतंच. मला वाटतं तुमची त्यात श्रद्धाही आहे. फक्त तुम्ही आत आलात की आतल्या बायका खेळायच्या थांबतात आणि दिसायला लागतात.

आता माझा नंबर. सगळा दोष तुमच्या पदरात टाकला तर माझ्याच ग्रुपमधल्या जणी मला हसतील. तुमच्या कितीतरी आधी आम्ही मंगळागौर स्टेजवर नेली. एकसारख्या साड्या, गळ्यात माइक, समोर खुर्च्या, पहिल्या रांगेत नगरसेवक. स्पर्धांत परीक्षक गुण द्यायचे आणि आम्ही पिंगा परीक्षकांकडे तोंड करून घालायचो. एका गणेशोत्सवात आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं तेव्हा पहिल्या आलेल्या ग्रुपची आम्ही महिनाभर निंदा केली. प्रेक्षक आम्हीच शोधला, तुम्ही फक्त त्याला फार मोठा केलात. आणि तुमच्यामुळं आमची पोटंही भरली, म्हणजे हौशीच्या पैशांत जेवढी भरतात तेवढी. २०१६ च्या श्रावणात एक मंगळवार मोकळा नव्हता. ज्या मुलींना मंगळागौर म्हणजे आजीची कटकट वाटायची, त्या स्वतःहून फोन करायला लागल्या. शिवलेल्या नऊवारीत आता ‘शाही मस्तानी’ नावाचा प्रकार मिळतो, लक्ष्मी रोडला मागाल त्या रंगात. जिला काही केल्या घरची सून म्हणून पदरात घेतलं नाही, तिच्या नावाची साडी नेसून पुण्यातल्या नव्या सुना गौरीपुढं बसतात. हे घडवून आणायचं तुमच्या मनात असेल-नसेल, पण घडलं ते तुमच्यामुळं, आणि मला ते मनापासून आवडतं.

म्हणून सुरुवातीला ‘तो पिंगा आम्ही करत नाही’ असं ठणकावणारी मी तिसऱ्या वर्षी नमले. आता आधी तुमचा घालतो, सगळ्यांचे फोन वर असतात, टाळ्या पडतात. मग दिवे थोडे मंद करून आमचा. तेव्हा फोन हळूहळू खाली येतात, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं.

थिएटरमधून बाहेर पडताना जिन्यात त्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईंनी विचारलं होतं, ‘दोघं गेली, ते कळलं. मग काशीबाईचं काय झालं?’ तुमचा सिनेमा तिकडे रावेरखेडीला आणि इकडे कैदेत एकाच वेळी संपतो. पडद्यावर ते फार देखणं आहे. पण काशीबाई पुढं अठरा वर्षं जगल्या. समशेरला त्यांनीच सांभाळलं असं सांगतात. तीर्थयात्रा केल्या, माहेरी चासला सोमेश्वराचं देऊळ बांधलं. नवऱ्याच्या त्या दुसरीचं लेकरू मांडीवर घेऊन बसलेली बाई, हा प्रसंग तुम्ही कसा केला असतात याचा विचार मी अजून करते. त्यात गाणं नसतं. म्हाताऱ्या बाईंना मी जिन्यात एवढं सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मग सिनेमा तिथून सुरू करायचा होता.’

शेवटी गेल्या श्रावणातली एक गोष्ट. बाणेरला एका फ्लॅटमध्ये मंगळागौर होती. नवी नवरी गोड होती, पण तिची मैत्रीण तिपाईवर फोन लावून सगळं चित्रित करत होती आणि दर दहा मिनिटांनी म्हणायची, ‘काकू, एकदा परत, नीट आलं नाही.’ आमच्या एकाहत्तर वर्षांच्या थोरल्या बाईंनी दोनदा परत केलं. तिसऱ्यांदा त्या वाकल्या, त्या मुलीचं मनगट धरलं आणि तिला ओढून रिंगणात घेतलं. मुलीला पिंगा येत नव्हता. जीन्स घातलेली होती. पहिल्या गिरकीला पडली, दुसऱ्यांदा सावरली, पाचव्या-सहाव्या फेरीला तिनं आमच्या बाईंना त्यांच्या माहेरावरून असा काही टोमणा मारला की सगळी खोली फुटली. तो तिथल्या तिथं सुचलेला होता. फोन तिपाईवर तसाच चालू होता, त्यात नंतर पाहिलं तर नुसती एक रिकामी भिंत आणि आवाज.

तेव्हा एवढीच विनंती. पुन्हा कधी बायकांच्या दाराआडचा खेळ पडद्यावर आणायचा असेल तर कॅमेरा चालवायला एखादी बाई पाठवा आणि चित्रीकरणाच्या आदल्या रात्री तिला आमच्याकडे सोडा. साडी आम्ही देऊ. येत्या श्रावणात मंगळवार चार आहेत. त्यातला तिसरा अजून मोकळा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पुण्यातली एक मंगळागौर खेळणारी